पोळी पुरते, डाळ संपते

इंदूरहून देपालपूरच्या रस्त्याला लागले की तासाभरात माझ्या आत्याचे सासर असलेले गाव येते. होळकरांच्या काळात जमीन मिळाली आणि पुढच्या पिढ्या तिथेच राहिल्या, अशी मराठी घरे माळव्यात बऱ्याच गावांत आहेत. घरात मराठी, अंगणाबाहेर माळवी, आणि काळ्या रानात पावसाळ्यात सोयाबीन व हिवाळ्यात गहू, असा त्यांचा संसार असतो. मी बरीच वर्षे आहारशास्त्र शिकवले. घरातल्या घरात अन्नाची वाटणी कशी होते हा विषय पाठ्यपुस्तकात दीड पानात आटोपलेला असे आणि मीही तो तसाच आटोपत असे. तो नीट कळला तो आत्याच्या स्वयंपाकघरात, सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, आमटीच्या पळ्या मोजताना.

त्या दुपारी घरात नऊ माणसे जेवणार होती. आतोबा, त्यांचे दोन मुलगे आणि सालदार असे चार पुरुष, नऊ वर्षांचा नातू, सात वर्षांची नात, आत्या आणि दोन सुना. पाव किलो तूरडाळीची आमटी केलेली होती आणि ती बारा पळ्या भरली. पुरुष आधी बसले, त्यांना दोन दोन पळ्या गेल्या. मग मुलांना एकेक गेली, मग आत्याला एक. पातेल्यात एक पळी उरली, तीत धाकट्या सुनेने तपेल्यातले गरम पाणी ओतले, चिमूटभर मीठ टाकले आणि दोघी जावांनी ती अर्धी अर्धी वाढून घेतली. आमटी फार पातळ झाली नाही का, असे मी विचारले, तेव्हा थोरली हसून म्हणाली, "वन्सं, आम्हाला पातळच आवडते."

आता हिशेब करू. तूरडाळीत शेकडा २२ भाग प्रथिने असतात, म्हणजे पाव किलोत साधारण ५५ ग्रॅम. नऊ जणांत ती सारखी वाटली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला सहा ग्रॅम आली असती. प्रत्यक्षात प्रत्येक पुरुषाला नऊ ग्रॅमच्या वर मिळाली आणि प्रत्येक सुनेला जेमतेम सव्वादोन. वाटीकडे पाहून हे कोणालाही कळले नसते, कारण पाणी घातल्यावर सुनांच्या वाट्याही काठोकाठ भरलेल्या होत्या.

पोळ्यांची गोष्ट मात्र वेगळी होती. पोळ्या सुनांनी पोटभर खाल्ल्या. कमी पडल्या तेव्हा धाकटीने उठून आणखी चार लाटल्या. या विषयातली बहुतेक गुंतागुंत या एका फरकाने सुटते. भिजवलेली कणीक शेवटच्या जेवणाऱ्यासाठी वाढवता येते. आमटी, भाजी, दही, तूप यांचे मात्र जेवढे सकाळी झाले तेवढेच राहते, आणि जो शेवटी जेवतो त्याच्या वाट्याला ते संपत आलेले असते. म्हणूनच ग्रामीण घरांमध्ये स्त्रियांना उपाशी ठेवले जाते असे सरसकट विधान केले तर ते टिकत नाही आणि घरातले लोक ते ऐकून रागावतात. दक्षिण आशियातील अभ्यासांतही पोटभरीच्या धान्यात प्रौढ स्त्रीपुरुषांमधली तफावत अनेकदा थोडी आढळते. ती वाढत जाते डाळ, दूध, भाज्या, अंडी, मांस या जिनसांत. अन्नाची कमतरता म्हटली की आपण रिकाम्या ताटाची कल्पना करतो, परंतु इथले ताट भरलेले असते आणि तरी त्यात काहीतरी नसते.

हे बाहेरून दिसत नाही, याचे कारण आपली मोजणी उंबरठ्यापाशी थांबते. घरात महिन्याला किती गहू, किती डाळ, किती तेल आले हे खर्चाच्या सर्वेक्षणांत विचारतात आणि त्याला माणसांच्या संख्येने भागतात. अर्थशास्त्रातही दीर्घकाळ कुटुंब म्हणजे जणू एकच व्यक्ती, एकच इच्छा आणि एकच तिजोरी, असे मानले जात असे. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांच्या मांडणीत घराचा कर्ता सगळ्यांच्या भल्याचा विचार करतो आणि त्यामुळे आत काय घडते याची वेगळी चौकशी करावी लागत नाही. आत्याच्या घरी माणशी सहा ग्रॅम प्रथिने पडली हे त्या दृष्टीने अगदी खरे आहे. मात्र नऊ जणांपैकी एकालाही सहा ग्रॅम मिळाली नव्हती.

सरासरीच्या पलीकडे जाण्याचा प्रयत्न आहारतज्ज्ञांनी केला, पण त्यातही एक अडचण आहे. गरज सर्वांची सारखी नसते हे मान्य करून आपल्याकडे "उपभोग एकक" नावाचे माप वापरले जाते. बैठे काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे १ एकक धरतात. मध्यम श्रमाचा पुरुष १.२, जड श्रमाचा १.६, बैठे काम करणारी स्त्री ०.८, मध्यम श्रमाची ०.९ आणि जड श्रमाची १.२. हे आकडे उष्मांकांवर आधारलेले आहेत आणि शरीराच्या वजनाचा विचार करता ते चुकीचे नाहीत. प्रश्न येतो तो कोणाचे काम मध्यम आणि कोणाचे जड, हे ठरवताना. आतोबांचा मुलगा ट्रॅक्टरवर बसून दिवस काढतो, तरी शेतकरी म्हणून त्याची नोंद जड श्रमात होण्याचा संभव अधिक. धाकटी सून सकाळी गोठा काढते, पाणी भरते, दुपारी वाकून सोयाबीन कापते, संध्याकाळी पुन्हा चुलीपाशी असते. तिच्या नावापुढे व्यवसाय म्हणून "गृहिणी" असे लिहिले जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार मध्यम श्रमाच्या स्त्रीला रोज २१३० उष्मांक लागतात आणि जड श्रमाच्या स्त्रीला २७२०. सर्वेक्षकाच्या एका शब्दाने जवळजवळ सहाशे उष्मांकांची गरज कागदावरून नाहीशी होऊ शकते, आणि मग निष्कर्ष निघतो की तिला पुरेसे मिळते आहे.

शिवाय गरज म्हणजे केवळ उष्मांक नव्हेत. त्याच शिफारशींत लोहाचा आकडा पाहिला तर पारडे उलटे होते: पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम, स्त्रीला २९. मासिक पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते आणि त्याबरोबर १५ मिलिग्रॅमच्या आसपास लोह जाते; ते अन्नातूनच भरून काढावे लागते, आणि गहू व डाळ यांतले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते, शंभर भागांतले जेमतेम पाच ते आठ भाग. जेवणानंतर लगेच चहा घेतला तर तेही घटते. लिंबू, आवळा, हिरवी मिरची यांतील क जीवनसत्त्वाने वाढते. (माळव्यात कुठलेही काम संपले की आधी चहा होतो, त्यामुळे वर्गात हा मुद्दा सांगताना मला नेहमीच थोडे ओशाळल्यासारखे वाटे.) म्हणजे अंगाने लहान असल्यामुळे स्त्रीला पोळी कमी लागते हे खरे असले, तरी पालेभाजी आणि डाळ तिला पुरुषाहून कमी लागते असे कोणतेही शास्त्र म्हणत नाही. प्रत्यक्ष पंगतीत मात्र पोळीचा न्याय डाळीलाही लावला जातो.

याचा परिणाम रक्तात दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या कक्षेत आढळल्या. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के होते. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर स्त्रीला रक्तक्षय आहे असे म्हणतात, पुरुषाला १३ च्या खाली गेले तर. स्त्रियांसाठीचा निकष एवढा सैल असूनही हे अंतर आहे. या सगळ्याचे खापर वाटणीवर फोडता येणार नाही. पाळी, लागोपाठची बाळंतपणे, जंत हीही कारणे आहेत. पण ज्या शरीराला लोह अधिक हवे त्याच्याच वाटीत पाणी अधिक असते, एवढे तरी म्हणावेच लागते.

मुलांच्या बाबतीत चित्र अधिक मिश्र आहे. हैदराबादजवळील इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७० च्या दशकात सोलापूर, अकोला आणि तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यांतील काही गावांत वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. त्यांचा अभ्यास करून अर्थतज्ज्ञ जेरे बेहरमन यांनी असे दाखवले की सुगीच्या दिवसांत मुलगे आणि मुली यांच्यात फारसा भेद होत नाही. धान्य संपत आलेल्या दिवसांत मात्र आईबापांचा कल मुलग्यांकडे झुकतो. याचा अर्थ असा की भर दिवाळीत गावात जाऊन पाहणी केली आणि भेदभाव नाही असे लिहिले, तर पाहणी खोटी नसते, पण ती वर्षातल्या चांगल्या महिन्यांची असते. आत्याच्या घरच्या नातीला त्या दिवशी भावाइतकीच आमटी मिळाली, आणि ती काढणीच्या दिवसांतली गोष्ट आहे.

आता सर्वांत अवघड प्रश्न. पळी तर सुनेच्याच हातात होती. मग तिने स्वतःला कमी का वाढले? वाढणारा ओळखीचा असेल तर पंगतीत कुठेही बसावे, असे आपण म्हणतो. वाढणाऱ्याचे स्वतःचे काय, हा विचार त्या बोलण्यात नाही. अमर्त्य सेन यांनी १९९० मधील एका निबंधात कुटुंबाचे वर्णन सहकार्य आणि संघर्ष एकाच वेळी चालणारी जागा असे केले आहे. घर चालले तर सगळ्यांचाच फायदा असतो, म्हणून सहकार्य. पण त्या फायद्यातला वाटा कोणाला किती, यावर हितसंबंध वेगळे असतात, म्हणून संघर्ष, आणि तो बहुधा न बोलता चालतो. वाटा कसा ठरतो, तर घर मोडले तर कोणाचे किती बिघडेल, घरात कोण किती आणतो असे मानले जाते, आणि स्वतःचे म्हणून काही हित असते हे त्या व्यक्तीला कितपत जाणवते, यांवर. यातील "मानले जाते" हे शब्द महत्त्वाचे आहेत. सोयाबीनचे पैसे मंडईत आतोबांच्या हातात पडतात; ते कापणारे हात कोणाचे, हे पावतीवर नसते. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील वहितीधारकांमध्ये, म्हणजे जमीन कसण्याचा कारभार ज्यांच्याकडे असतो त्यांच्यात, स्त्रिया सुमारे १४ टक्केच आहेत. आणि स्वतःच्या हिताची जाणीव नसणे म्हणजे हित नसणे नव्हे, हे सेन यांनी स्पष्टच सांगितले आहे. "आम्हाला पातळच आवडते" या वाक्याला मी आवडीनिवडीची नोंद मानत नाही.

पुरुषांच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण म्हणजे कष्ट: जो नांगर धरतो त्याला अधिक. हे कारण निराधार नाही. बांगलादेशातील खेड्यांच्या एका गाजलेल्या अभ्यासात, ज्यांच्या कामात अधिक शक्ती लागते आणि ज्यांची मजुरी ताकदीवर ठरते त्यांना घर अधिक उष्मांक देते, असे दिसले होते. पण त्याने पोळ्यांचे स्पष्टीकरण मिळते, डाळीचे मिळत नाही. आणि कापणीच्या दिवशी सुनेचे कष्ट वाढले म्हणून तिची पळी वाढत नाही, याचेही मिळत नाही.

मला स्वतःला या प्रश्नाचे उत्तर श्रमापेक्षा पायरीत अधिक सापडते. आत्या स्त्रीच आहे, तरी तिला एक अख्खी, पाणी न घातलेली पळी मिळाली. तीस वर्षांपूर्वी शेवटची पातळ आमटी तीच घेत होती. एकत्र कुटुंबातील दोन जावांच्या मुलांची उंची ताडून पाहणाऱ्या अभ्यासात धाकट्या सुनेची मुले थोरलीच्या मुलांपेक्षा सरासरीने बुटकी आढळली आहेत. छप्पर एक, जमीन एक, चूल एक. फरक आईच्या पायरीचा. आणि तीच सून माहेरी गेली की तिचे ताट बदलते. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली चाल केवळ मायेची नाही, त्यात आहाराचे शहाणपणही आहे: तिथे ती लेक असते, तिला गरम पोळी आयती मिळते आणि ती नको म्हणाली तरी आई दुसऱ्यांदा वाढते. दुर्दैवाने ही सोय बहुधा शेवटच्या काही आठवड्यांपुरती असते. लोकसंख्येच्या अभ्यासक डायेन कॉफी यांनी २००५ च्या सुमाराच्या आकडेवारीवरून २०१५ मध्ये असा अंदाज मांडला की गरोदरपणाची सुरुवात होते तेव्हाच भारतातील ४२ टक्के स्त्रियांचे वजन कमी असते, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, जिथे गरिबी कितीतरी अधिक आहे, हे प्रमाण १६.५ टक्के आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला पाच पक्वान्ने करतात ती सगळ्या गावाला दिसतात. पहिल्या महिन्यातली वाटी कोणी पाहत नाही, कारण नवी सून तेव्हा घराच्या सर्वांत खालच्या पायरीवर असते आणि दिवस गेल्याचे सांगायलाही संकोचत असते.

हे ध्यानात घेतले की सरकारी योजनांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने बहुतेक पात्र कुटुंबांत प्रत्येकाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते, आणि शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील सर्वांत मोठ्या प्रौढ स्त्रीचे नाव असते. ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यातून पोळीची हमी मिळते, आणि पोळी आधीच बरीचशी सारखी वाटली जात होती. शिवाय सर्वांत मोठी स्त्री म्हणजे आत्या, धाकटी सून नव्हे. डाळ बाजारातून आणावी लागते. माळव्याचे हे एक वेगळेच दुर्दैव आहे: सोयाबीनमध्ये शेकडा ४० भाग प्रथिने असतात, त्याच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदूरमध्ये आहे, डाळीच्या गिरण्यांसाठी इंदूर प्रसिद्ध आहे, आणि रानातले सोयाबीन पोत्यांतून थेट मंडईत जाते, तिथून तेलाच्या कारखान्यात, आणि उरलेली पेंड बहुतेक कोंबड्यांच्या खाद्यात. ज्या घरी ते पिकते त्या घरी पाव किलो तुरीत नऊ माणसे जेवतात.

अंगणवाडीतून गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायला मिळणाऱ्या पिठाच्या पाकिटाचे घरात तेच होते जे आमटीचे होते. पाकीट तिच्या नावावर असते, पण ते घराच्या डब्यात रिकामे होते आणि शिरा करून सगळ्यांना वाटला जातो. तिने ते एकटीने खावे अशी अपेक्षा करणे हेच मुळात घर न ओळखण्यासारखे आहे. मुलांसमोर बसून कोणती आई एकटी शिरा खाईल? म्हणून काही राज्यांनी घरी देण्याऐवजी तिथेच बसून जेवण्याची व्यवस्था केली. महाराष्ट्रात आदिवासी भागासाठी २०१५ मध्ये सुरू झालेली डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना त्यांपैकी एक: दिवसातून एक चौरस, गरम जेवण, अंगणवाडीत, इतर बायकांबरोबर. पळी सासरच्या पातेल्याबाहेर काढणे हा तिच्यामागचा विचार मला योग्य वाटतो. अंगणवाडी लांब असली, कापणी चालू असली किंवा सासूने जाऊ दिले नाही तर तो कोलमडतो, हेही खरे.

पैसा स्त्रीच्या हातात पडला तर काय होते, यावर बाहेरच्या देशांत चांगला पुरावा आहे. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांचे निवृत्तिवेतन वाढले तेव्हा ज्या घरांत ते आजीला मिळत होते तिथल्या नातींचे वजन व उंची सुधारली. आजोबांना मिळत होते तिथे तसे झाले नाही, असे अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी २००३ मध्ये दाखवले. मध्य प्रदेशात २०२३ पासून लाडली बहना योजनेचे पैसे विवाहित स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात येतात, २०२३ मध्ये आधी दरमहा १०००, मग १२५०, आणि पुढे १५०० रुपये. आत्याच्या धाकट्या सुनेला ते मिळतात. त्यातून तिने काय घेतले असे विचारले तर ती म्हणाली, "मुलीची वह्या-पुस्तकं, आणि गेल्या महिन्यात ह्यांच्या मोटारसायकलचा टायर."

तिसरा मार्ग सर्वांत साधा वाटतो: सगळ्यांनी एकत्र जेवावे. शेजारच्या राजस्थानात, बांसवाडा आणि सिरोही जिल्ह्यांत, काही वर्षांपूर्वी एका पोषण प्रकल्पात बचतगटांमधून हेच सुचवले गेले. एकत्र बसल्यावर शेवटची पळी कोणाची, हे निदान सर्वांच्या डोळ्यांसमोर ठरते. बिहार, झारखंड आणि महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या २०२१ मधील एका अभ्यासात, शेवटी जेवणाऱ्या स्त्रियांचे मानसिक स्वास्थ्यही अधिक खालावलेले आढळले, आणि गरिबीचा परिणाम वजा केल्यावरही तो संबंध शिल्लक राहिला. पण एकत्र जेवायचे तर गरम पोळी तव्यावरून कोणी आणायची, हा प्रश्न प्रत्येक घरात पहिल्याच दिवशी येतो. आत्याच्या घरी तो माझ्यासमोर आला आणि आतोबांनी तो हसण्यावारी नेला.

यापुढे कोणी अशी पाहणी करायला जाणार असेल तर माझी एकच सूचना आहे. "काल काय खाल्ले?" असे विचारले की बाई घरात जे शिजले त्याची यादी सांगते, कारण तेच तिचे उत्तर असते. त्याऐवजी "तुम्ही बसलात तेव्हा पातेल्यात किती होते?" असे विचारावे, आणि ओट्यावर काय झाकून ठेवले आहे तेही पाहावे. बहुतेक घरांत बाहेर गेलेल्या पुरुषासाठी आमटीची एक वाटी आधीच काढून झाकलेली असते. घरात हजर असलेल्या बाईसाठी काढून ठेवण्याची पद्धत नाही.

गेल्या दिवाळीत मी गेले तेव्हा धाकटी बाळंतपणानंतर माहेराहून परत आली होती, तीन महिन्यांचे बाळ मांडीवर. ओट्यावर दोन वाट्या झाकलेल्या होत्या. एक सालदाराची होती. दुसरी आत्याने दाट आमटीची, वर तुपाची धार सोडलेली, धाकटीसाठी काढून ठेवली होती. "अंगावर पाजते आहे, तोवर," असे तिने मला सांगितले. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोज सहाशे उष्मांक अधिक लागतात, हे मी तिला कधी सांगितले नव्हते. सगळे आटोपल्यावर थोरली जेवायला बसली, पातेले तिरपे केले, आणि तपेल्याकडे हात नेला.